गाळातली फिरस्ती

१९५५ साली हाँगकाँगहून जपानला परतलेली एक बाई हगवणीनं आजारी पडली. युद्धानंतरच्या जपानात हगवण म्हणजे काही बातमी नव्हती. ती शिगेला नावाच्या जिवाणूमुळे होते हे ठाऊक होतं. तो १८९७ साली शोधून काढणारे कियोशी शिगा जपानीच. औषधंही होती. युद्ध संपल्यावर सल्फाच्या गोळ्या सर्रास वापरल्या गेल्या आणि पहिली काही वर्षं त्या लागू पडल्या. १९५० नंतर शिगेलाचे बहुतेक वाण त्यांना जुमानेनासे झाले, तरी डॉक्टर निर्धास्त होते. स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन हाताशी होतंच. या बाईच्या पोटातला शिगेला मात्र चारही औषधांना पुरून उरला.

हिशेब जुळेना. एका औषधाला तोंड देणारा बदल जिवाणूत आपसूक होतो, पण तो कोटीभर पेशींमागे एखादीत. चार निरनिराळ्या औषधांसाठी चार बदल एकाच पेशीत एका दमात व्हायचे, तर एका रुग्णाचंच काय, साऱ्या जपानच्या आतड्यांतले जिवाणू मोजले तरी संख्या अपुरी पडेल. आणि तरीही पुढच्या काही वर्षांत असे शिगेला जपानभर सापडू लागले. त्याहून चक्रावणारी गोष्ट प्रयोगशाळांच्या नोंदींत होती. एकाच साथीत, कधी एकाच रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यात, औषधांना बळी पडणारा शिगेला आणि चारही औषधं पचवणारा शिगेला असे दोन्ही सापडत. बाकी सगळ्या बाबतींत ते एकाच वाणाचे. शिवाय त्याच रुग्णाच्या आतड्यातला इ. कोलाय, एरवी निरुपद्रवी असलेला आपला कायमचा रहिवासी, तोही नेमक्या त्याच चार औषधांना दाद देत नव्हता.

नागोयाचे ओचिआई आणि टोकियोचे आकिबा या दोघांना ही जुळणी योगायोगाची वाटली नाही. १९५९ साली दोघांनी स्वतंत्रपणे जवळपास एकच साधा प्रयोग केला. औषध पचवणारा इ. कोलाय आणि औषधानं मरणारा शिगेला एकाच पोषक द्रवात वाढवले, मग शिगेला वेगळा काढून तपासला. तो आता चारही औषधांत मजेत वाढत होता. एकेक करून नव्हे. चारही गुण एकदम आले होते. म्हणजे ते एकाच गाठोड्यात बांधलेले होते आणि ते गाठोडं एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे गेलं होतं.

ही कामं जपानी भाषेत छापली गेली आणि बाहेर फार थोड्यांनी वाचली. केइओ विद्यापीठाच्या त्सुतोमू वातानाबे यांनी १९६३ साली इंग्रजीत एक सविस्तर आढावा लिहिला, तेव्हा युरोप-अमेरिकेला जाग आली. तोवर पाश्चात्त्य डॉक्टरांची समजूत अशी, की प्रतिरोध म्हणजे एका रुग्णापुरतं दुर्दैव: औषध अपुरं घेतलं, एखादा जिवाणू बदलला, वाचला आणि वाढला. वातानाबे सांगत होते की आनुवंशिक गुण जिवाणूंमध्ये साथीसारखा पसरतो.

मला या सगळ्या प्रकरणात मोलाचा वाटतो तो शिगेला नव्हे, इ. कोलाय. आजार शिगेलाचा होता, पण हत्यार पुरवलं शेजाऱ्यानं. आणि त्या शेजाऱ्याला तरी ते कुणाकडून मिळालं होतं? आतड्यात शेकडो जातींची वस्ती. प्रयोगशाळेच्या बशीत वाढणारे दोघं तेवढे साक्षीला मिळाले. बाकीच्यांची साक्ष काढायला पुढे जवळजवळ अर्धं शतक लागलं, आणि ती काढताना एक भलतीच अडचण उभी राहिली. ती पुढे येईल.

आधी गाठोड्यात काय होतं ते. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज पेशीत डीएनएची छोटी कडी असू शकते, आणि ती स्वतःच्या प्रती स्वतःच काढते. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये तिला प्लास्मिड हे नाव दिलं होतं. काही प्लास्मिडांवर दुसऱ्या पेशीशी पूल बांधायची जनुकंही असतात. त्या पुलावरून प्लास्मिडाची एक प्रत पलीकडे जाते आणि एक अलीकडे राहते. देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही. जपानी गाठोडं ते हेच.

पण चार जनुकं एका प्लास्मिडावर आली कुठून? मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके पाहून जनुकं जागा बदलतात हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९५० च्या सुमारास सांगितलं होतं, आणि बहुतेकांनी ते मक्याचं वेड म्हणून सोडून दिलं होतं. नोबेल मिळायला १९८३ उजाडावं लागलं. दरम्यान साठच्या दशकाच्या अखेरीस इ. कोलायमध्ये जागा बदलणारे लहान तुकडे सापडले, आणि १९७४ साली लंडनच्या हेजेस आणि जेकब यांनी अँपिसिलिनला निकामी करणारं जनुक एका प्लास्मिडावरून उठून दुसऱ्यावर बसताना पकडलं. अशा तुकड्याला त्यांनी ट्रान्सपोझॉन म्हटलं. १९८९ मध्ये सिडनीत स्टोक्स आणि हॉल यांनी तिसरा प्रकार उलगडला: इंटेग्रॉन. याला स्वतःला हलता येत नाही. त्याच्याकडे इंटिग्रेज नावाचं एक विकर असतं, ते आजूबाजूला सुटी फिरणारी जनुकं पकडून एका ओळीत बसवतं. ओळीच्या तोंडाशी एकच कळ, ती दाबली की साऱ्या ओळीचं काम सुरू. असा इंटेग्रॉन ट्रान्सपोझॉनवर बसला, ट्रान्सपोझॉन प्लास्मिडावर आणि प्लास्मिड पूल ओलांडून गेलं, की एका फेरीत पाच-सहा औषधांचा निकाल लागतो. यात जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंची, म्हणजे फाजांची भर घाला. तेही एका पेशीतला डीएनए चुकून उचलून दुसरीत सोडतात.

हे सगळं ज्यांनी शोधलं ते बशीत वाढणाऱ्या जिवाणूंवर काम करत होते. आपल्याकडे डॉक्टर आजही ‘कल्चर’ लिहून देतात, त्यातली पद्धत हीच: नमुना पोषक माध्यमावर पसरायचा, जे उगवेल ते तपासायचं. रुग्णालयाला ते पुरतं. माती, नदी, गटार यांना ते अजिबात पुरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जितक्या पेशी दिसतात त्यांतल्या शंभरात एकही बऱ्याचदा बशीत उगवत नाही, ही विसंगती स्टेली आणि कोनोप्का यांनी १९८५ मध्ये मांडली. त्याच सुमारास नॉर्मन पेस यांच्यासारखे काही लोक उलट बाजूनं विचार करत होते. जिवाणू वाढवायचाच कशाला? मातीतून थेट सगळा डीएनए काढू आणि तोच वाचू. १९९८ साली जो हँडल्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सामूहिक डीएनएला मेटाजीनोम म्हटलं, आणि ते नाव रुळलं.

२००४ हे या विद्येचं खरं जन्मवर्ष. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटनच्या खाणीत, जिथलं पाणी जळजळीत आम्ल असतं, तिथल्या गुलाबी सायीतून जिल बॅनफिल्ड यांच्या चमूनं डीएनए काढला. तिथे मोजक्याच जाती तग धरतात, म्हणून तुकडे जोडून दोन जातींची जनुकसंहिता जवळजवळ पूर्ण उभी करता आली, एकही पेशी बशीत न वाढवता. त्याच वर्षी क्रेग व्हेंटर यांनी सारगासो समुद्राच्या पाण्याचा डीएनए वाचून १२ लाखांहून अधिक नवी जनुकं जाहीर केली. व्हेंटर यांचा आकडा वर्तमानपत्रांत गाजला. माझ्या मते खाणीचं काम जास्त खोल होतं, कारण त्यात कोणतं जनुक कुणाचं हे सांगता येत होतं. सारगासोत लाखो जनुकं हाती आली, त्यांतल्या बहुतेकांचा मालक मात्र बेपत्ता.

इथे ती अडचण येते. यंत्र डीएनए सलग वाचत नाही. नमुन्यातल्या सगळ्या पेशी फोडून, डीएनएचे बारीक तुकडे करून ते कोट्यवधी तुकडे वाचतं, आणि मग संगणक एकमेकांवर जुळणारी टोकं शोधत लांब सलग मजकूर उभा करतो. शंभर भजनी वह्या फाडून त्यांचे कपटे एका पोत्यात कालवले, तर अभंगांची कडवी जुळवता येतील. पण जे पालुपद पन्नास अभंगांत जसंच्या तसं येतं त्याच्या कपट्याशी जुळणी थबकेल, कारण त्यापुढे कोणतं कडवं येतं याला पन्नास उत्तरं आहेत. फिरत्या जनुकांचं नेमकं हेच होतं. ट्रान्सपोझॉन फिरता आहे म्हणूनच त्याच्या प्रती वीस जातींत, प्रत्येक जातीत वेगळ्या जागी बसलेल्या असतात. संगणक तिथवर येतो आणि धागा तोडतो. ज्या गुणामुळे तो घटक धोकादायक, त्याच गुणामुळे तो जुळणीत निसटतो. गाळात जनुक आहे हे कळतं. ते कुणाच्या पोटात आहे हे कळत नाही.

तरीही ‘आहे’ एवढं कळणंही किती मोठं, ते हैदराबादजवळच्या पटणचेरूनं दाखवलं.

पटणचेरूच्या आसपास औषधांचा कच्चा माल बनवणारे सुमारे ९० कारखाने एका सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला आपलं पाणी पाठवत. प्रक्रियेनंतर ते पाणी ओढ्यात सोडलं जाई. तिथून ते नक्कावागूत आणि पुढे मांजरेत. बीड-लातूरकडून जाणारी जी मांजरा मराठवाड्याला ठाऊक आहे तीच ही, फक्त तिचा बराच खालचा भाग. स्वीडनमधल्या गोटेबर्ग विद्यापीठाचे योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या ‘प्रक्रिया झालेल्या’ पाण्याचं मोजमाप छापलं. एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन. काही जिवाणूंना मारायला लागतं त्याच्या हजारपटीहून जास्त. एका दिवसात बाहेर पडणारं सिप्रोफ्लॉक्सासिन सुमारे ४५ किलो भरलं, आणि अख्खा स्वीडन ते पाच दिवसांत वापरत असे. गोळी घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात औषधाचा जो अंश असतो त्याहून जास्त ओढ्यात होता.

अशा पाण्याखालच्या गाळात कोण जगत असेल? कल्चरनं उत्तर अर्धवटच मिळालं असतं. २०११ मध्ये एरिक क्रिस्टियानसन, लार्सन आणि इतरांनी त्या गाळाचा मेटाजीनोम वाचला, केंद्राच्या वरच्या बाजूचा आणि खालच्या बाजूचा. सल्फा, फ्लुरोक्विनोलोन आणि अमिनोग्लायकोसाइड या तीन गटांना निकामी करणारी जनुकं तिथे विलक्षण प्रमाणात होती. पण निबंधाची खरी धार दुसऱ्या निष्कर्षात होती: इंटेग्रॉन, ट्रान्सपोझॉन आणि प्लास्मिड यांचे अवशेषही तितकेच वाढलेले होते. म्हणजे तिथे टिकून राहायचं तर प्रतिरोधक जनुक नुसतं असून भागत नव्हतं. ते देता-घेता येणाऱ्या अवस्थेत असणं जास्त फायद्याचं ठरत होतं. २०१४ मध्ये जवळच्याच काझीपल्ली तलावाचं वाचन आलं. ८१ प्रकारची प्रतिरोधक जनुकं. तुलनेसाठी घेतलेल्या स्वीडिश तलावात ८. प्रमाण पाहिलं तर तिथल्यापेक्षा अंदाजे ७,००० पट. संगणकानं जुळवलेल्या कड्यांमध्ये २६ ओळखीची प्लास्मिडं होती आणि २१ अशी, जी बहुधा आधी कुणी पाहिलेली नव्हती.

याच काळात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे यांच्या गटानं लार्सन यांच्याबरोबर जुन्याच वाटेनं एक काम केलं. अशाच औषधी सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्रातून ९३ जिवाणू बशीत वाढवले आणि ३९ प्रतिजैविकांवर घासून पाहिले. ८६ टक्के जिवाणू २० किंवा अधिक औषधांना दाद देईनात, आणि इंटेग्रॉन जवळजवळ सगळ्यांत. २०१३ च्या त्या निबंधाचे पहिले लेखक होते नचिकेत मराठे. मेटाजीनोमवाल्यांना बशीचं महत्त्व विसरू नका असं सांगायला हे उदाहरण चांगलं आहे: इथे जनुक आणि त्याचा मालक एकत्र पकडले गेले होते. अर्थात, जे उगवले तेवढेच.

मधल्या काळात दिल्लीचं प्रकरण गाजून गेलं होतं. भारतात रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या नमुन्यात, कार्बापेनेम या राखीव औषधांना निकामी करणारं एक जनुक सापडलं. २००९ मध्ये त्याला एनडीएम-१ हे नाव मिळालं, त्यात नवी दिल्ली होती, आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे संसदेपर्यंत आरडाओरडा झाला. परदेशी कट, वैद्यकीय पर्यटनाला बदनाम करण्याचा डाव, वगैरे. त्या गदारोळात २०११ चा पुढचा निबंध नीट वाचला गेला नाही, याचं मला वाईट वाटतं. टिमथी वॉल्श यांच्या गटानं दिल्लीतल्या रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले. साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत जनुक सापडलं, पण ते बाळगणारे जिवाणू बशीत उगवले फक्त १२ नमुन्यांतून. उरलेल्या ३९ ठिकाणी जनुक होतं आणि मालक दिसत नव्हता. जे उगवले त्यांत ११ जाती अशा, ज्यांत हे जनुक आधी कुणी पाहिलं नव्हतं. पटकीचा जिवाणू त्यांत होता आणि शिगेलाची एक जातही. नाव कोणत्या शहराचं यावर भांडण्यापेक्षा ५१ आणि १२ यांतल्या या फरकाकडे पाहायला हवं होतं.

आता पुणे. मुठा सह्याद्रीतून येते, खडकवासल्याला अडते, शहर ओलांडते आणि संगमाला मुळेत मिसळते. पटणचेरूसारखे औषधांच्या कच्च्या मालाचे कारखाने तिच्या या काठावर नाहीत. तिच्यात येतं ते तीस लाखांहून जास्त माणसांचं मैलापाणी, आणि त्यातलं बरंचसं प्रक्रिया न होता. म्हणून प्रश्न वेगळा होता: कारखान्याविना, निव्वळ शहरामुळे काय घडतं? मराठे तोवर गोटेबर्गला लार्सन यांच्या गटात होते. शहराच्या वर, शहरात आणि शहराच्या खाली नदीच्या तळाचा गाळ गोळा करून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो वाचला. निबंध २०१७ मध्ये आला. गाळ अशासाठी, की पाणी आजचं सांगतं आणि गाळ बऱ्याच दिवसांचं साठवून ठेवतो.

एकूण १७५ प्रतिरोधक जनुकं. शहरातल्या गाळात त्यांचं सापेक्ष प्रमाण वरच्या बाजूपेक्षा ३० पट. एनडीएम, व्हीआयएम, केपीसी, ऑक्सा-४८, आयएमपी ही कार्बापेनेम फोडणाऱ्या जनुकांची सगळी बदनाम घराणी हजर. अतिदक्षता विभागात काम केलेल्या कुणालाही ही यादी वाचून धडकी भरेल. तिथे शेवटचा उपाय म्हणून जी इंजेक्शनं काढतात त्यांचीच ही तोड. इंटेग्रॉनची इंटिग्रेजं आणि आयएससीआर नावाच्या फिरत्या घटकांची विकरं शहरात वाढलेली. आणि एक आकडा तर मला पहिल्यांदा छापील चूक वाटला होता: डीएनएच्या ज्या तुकड्यांवरून गाळातले जिवाणू कोणत्या गटाचे ते ओळखतात, त्यांपैकी २९ टक्क्यांपर्यंत एकट्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर या गटाचे. रुग्णालयातल्या हट्टी संसर्गांबद्दल कुप्रसिद्ध असलेला हा गट. इतका वाटा आजवर खोलवर वाचलेल्या कुठल्याही मेटाजीनोममध्ये त्यांना आढळला नव्हता, असं लेखकांनी नोंदवलं आहे.

एक गोष्ट मात्र सरळ रेषेत बसली नाही. कोलिस्टिन या प्रतिजैविकाला निकामी करणारं एमसीआर-१ हे फिरतं जनुक चीनमध्ये २०१५ च्या अखेरीस जाहीर झालं होतं. मुठेत ते सापडलं, पण शहरात नव्हे, वरच्या बाजूच्या एका नमुन्यात. शहर घाण, डोंगर स्वच्छ, अशी कथा सांगणाऱ्यांनी हा नमुना लपवला नाही, हे त्या निबंधाचं मोठेपण.

पण अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि जनुकं यांचं नातं काय? जिथे हा गट जास्त तिथे ऑक्सा-५८ हे कार्बापेनेम फोडणारं जनुकही जास्त, इतकं आकडे सांगतात. तेवढ्यावरून ते जनुक त्याच्याच पेशीत बसलं आहे असा जोरदार संशय घेता येतो; शपथ घेता येत नाही. वाचलेला डीएनए जिवंत पेशीतला की मेलेल्या, हेही यंत्र विचारत नाही.

मालक शोधायचे दोन मार्ग पुढच्या काही वर्षांत हाती आले. एक म्हणजे लांब वाचणारी यंत्रं, जी फिरत्या घटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि त्यापलीकडचा शेजारही एका दमात वाचतात. दुसरा अधिक चतुर. पेशी फोडण्याआधीच नमुन्यात फॉर्मल्डिहाइड घालायचं, म्हणजे एका पेशीच्या आत जवळजवळ असलेले डीएनएचे धागे एकमेकांना चिकटतात. मग तोडायचं, चिकटलेली टोकं सांधायची आणि वाचायचं. प्लास्मिडाचा तुकडा ज्या गुणसूत्राच्या तुकड्याशी सांधला गेला ते दोघे एका घरात राहत होते. आयडाहोमध्ये थिबो स्टॅल्डर आणि इव्हा टॉप यांनी २०१९ मध्ये सांडपाण्यातली प्लास्मिडं अशी त्यांच्या यजमानांशी जोडून दाखवली. साठ वर्षांपूर्वी आकिबांनी दोन जातींबद्दल विचारलेला प्रश्न आता अख्ख्या गटाराला एकाच वेळी विचारता येतो.

कधीकधी तर मालक सापडण्याआधीच जनुकाचा प्रवास कळतो. पटणचेरूसारख्या औषधी सांडपाण्यानं माखलेल्या भारतीय नदीच्या गाळातून मोहम्मद रझावी, मराठे आणि सहकाऱ्यांनी फक्त इंटेग्रॉनमधल्या जनुकांच्या ओळींच्या प्रती वाढवून त्या वाचल्या. त्यांत सल्फाला निकामी करणारं एक अनोळखी जनुक मिळालं. अशी फिरती जनुकं तोवर तीनच ठाऊक होती. तिसरं २००३ मध्ये सापडलेलं. चौथ्याला सल-४ म्हटलं. मग त्यांनी जगभरच्या लोकांनी वेगवेगळ्या कारणांसाठी वाचून सार्वजनिक साठ्यांत ठेवलेले ६,४८९ मेटाजीनोम चाळले. सल-४ आशिया आणि युरोपातल्या सात देशांत आधीच पोहोचलेलं होतं. मूळ घर बहुधा क्लोरोफ्लेक्सी नावाच्या जिवाणूगटात, जो रोग करत नाही आणि प्रयोगशाळेत क्वचितच भेटतो. हे सगळे पुरावे संगणकांत पडून होते. कुणाला काय शोधायचं हे माहीत नव्हतं इतकंच.

एक प्रश्न उरला होता, आणि तो पुण्याच्या नगरसेवकापासून दिल्लीतल्या मंत्रालयापर्यंत सगळ्यांना लागू होता. नदीत प्रतिरोधक जनुकं सापडली. ती नदीत घडली की माणसांच्या आतड्यांतून तयार होऊन वाहत आली? पहिलं असेल तर नदी म्हणजे कारखाना, दुसरं असेल तर नुसती वाहिनी. दोन्हींचे उपाय निराळे, आणि जनुकांची मोजदाद कितीही बारकाईनं केली तरी तिच्यात हा फरक दिसत नाही.

उत्तर आलं ते एका फाजाकडून. २०१४ मध्ये बास दुतिल्ह आणि सहकाऱ्यांनी बारा माणसांच्या विष्ठेचे मेटाजीनोम एकत्र जुळवले आणि त्यातून सुमारे ९७ हजार अक्षरांची एक फाज-संहिता बाहेर पडली. तोवर कुणी तो पाहिला नव्हता, वाढवला नव्हता. पण सार्वजनिक साठ्यांतल्या विष्ठेच्या नमुन्यांत तो बाकी सगळ्या ज्ञात फाजांच्या बेरजेपेक्षा जास्त निघाला. जुळणीच्या संगणकप्रणालीवरूनच त्याला क्रासफाज म्हणतात. त्याचा एक नातलग प्रत्यक्ष बशीत वाढवायला २०१८ उजाडलं. हा फाज माणसाच्या आतड्याचा पक्का रहिवासी असल्यानं नदीत तो जितका, तितकी माणसाची विष्ठा, असा सोपा मापदंड हाती आला.

अंटी कार्कमन, कातारीना पार्नानेन आणि लार्सन यांनी २०१९ मध्ये तो वापरला. वेगवेगळ्या देशांतल्या प्रदूषित पाण्यांचे आणि गाळांचे मेटाजीनोम घेऊन प्रत्येकात प्रतिरोधक जनुकं किती आणि क्रासफाज किती हे शेजारी शेजारी मांडलं. बहुतेक ठिकाणी दोन्ही हातात हात घालून चढत-उतरत होते. जनुकं माणसांमधून येत होती. पाण्यातल्या औषधाच्या अंशानं ती तिथे वेगळी वाढवल्याची ठळक खूण नव्हती. अपवाद निघाला तो औषधनिर्मितीच्या सांडपाण्यानं प्रचंड प्रदूषित झालेल्या गाळाचा. तिथे विष्ठेचा हिशेब जनुकांच्या हिशेबाला पुरत नव्हता, कितीतरी कमी पडत होता. त्या गाळात जनुकं जागेवरच निवडली जात होती.

म्हणजे शहराच्या मैलापाण्याला शौचालयं, गटारं आणि प्रक्रिया केंद्रं हा उपाय पुष्कळसा पुरेल; औषध कारखान्यांच्या पाण्याला मात्र औषधाच्या अंशावरच मर्यादा हवी. २०२० च्या जानेवारीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं तसा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात सांडपाण्यात कोणतं प्रतिजैविक किती चालेल याची यादी होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अंतिम नियम आले, तेव्हा ती यादी त्यांत नव्हती.